आजोबांची ठेव आणि नातवाचे काम

बँकेचा व्याजदर चढला किंवा उतरला की आपल्या मॉरिशसमध्ये दोन दिवस त्याची फार चर्चा होते. रेडिओवर बातमी येते, वर्तमानपत्रांत मथळे झळकतात, बसच्या थांब्यावर आणि दुकानाच्या दारात जो तो आपले मत सांगतो. दर उतरला तर घराचे कर्ज फेडणारा मुलगा खूश होतो, आणि बँकेत ठेव ठेवून बसलेले आजोबा हिरमुसतात. दर चढला तर नेमके उलट होते. आठवडाभराने सर्व विसरले जाते. मात्र एक समजूत मनात कायम राहून जाते. ती अशी की व्याजदर खाली आला म्हणजे कामधंदे आपोआप वाढतील आणि घरी बसलेल्या आपल्या मुलामुलींना नोकऱ्या मिळतील. ह्या समजुतीविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नाही. आम्ही शाळेत शिकवणारे शिक्षक. पण आमच्या हाताखालून गेलेली मुले दोन-तीन वर्षांनी वाटेत भेटतात आणि "सध्या काय चालले आहे?" ह्या प्रश्नाला "काही नाही, गुरुजी, अर्ज टाकले आहेत," असे खाली मान घालून उत्तर देतात, तेव्हा हा विषय पंडितांवर सोडून देणे आम्हांस बरे वाटत नाही. आपल्या देशात तरुणांतील बेकारी ही एकूण बेकारीच्या दुपटी-तिपटीने असते, आणि मुलींत ती मुलांपेक्षा जास्त असते. शिवाय काम शोधण्याचेच ज्याने सोडून दिले, तो बेकारांच्या गणतीत धरला जात नाही. म्हणजे कागदावरचा आकडा लहान असला तरी घरातले दुःख त्याहून मोठे असते.

प्रथम पुस्तकातला हिशोब पाहू. तो सरळ आहे. बँक ऑफ मॉरिशस ही आपली मध्यवर्ती बँक १९६७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, सुरू झाली. तिची एक समिती ठराविक काळाने बसून एक मुख्य दर ठरवते. त्या दराकडे पाहून बाकीच्या बँका आपले कर्जाचे आणि ठेवीचे दर ठरवतात. दर उतरला तर कर्ज स्वस्त होते. कारखानदार नवे यंत्र घेतो आणि त्यावर माणूस ठेवतो. घर बांधणारा घर काढतो, गवंड्याला आणि सुताराला रोज मिळतो. लोकांच्या हातात चार पैसे जास्त खेळतात, दुकानाची विक्री वाढते, दुकानदार मदतनीस ठेवतो. दर चढला तर हे चक्र उलटे फिरते. महागाई आवरते, पण कामे कमी होतात.

मोठ्या देशांत ह्या हिशोबाचा पडताळा येतो. अमेरिकेत १९७९ नंतर महागाई मोडून काढण्यासाठी तेथील मध्यवर्ती बँकेने व्याजदर फार वर नेले. महागाई उतरली खरी, पण १९८२ च्या अखेरीस तेथील बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली होती. अमेरिका आपल्या देशात माल बनवते आणि त्यातला बहुतेक माल आपल्याच देशात विकते. गिऱ्हाईकही घरचे आणि कर्ज देणारी बँकही घरची. म्हणून बँकेने दोरी ओढली की गाडा हलतो.

आता आपल्या बेटाकडे वळू. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ह्याच हिशोबाची दोनदा परीक्षा झाली.

पहिली परीक्षा २०२० साली झाली. महामारी आली. मार्च महिन्यात सीमा बंद झाल्या. बँक ऑफ मॉरिशसने आपला मुख्य दर ३.३५ टक्क्यांवरून मार्चमध्ये २.८५ वर आणि एप्रिलमध्ये १.८५ टक्क्यांवर आणला. इतका खालचा दर आपण पूर्वी कधी पाहिला नव्हता. पुस्तकाप्रमाणे कामे वाढायला हवी होती. प्रत्यक्षात २०१९ साली सात टक्क्यांच्या आत असलेली बेकारी २०२० मध्ये नऊ टक्क्यांच्या वर गेली, आणि २०२१ मध्येही ती तेथेच राहिली. कारण उघड आहे. २०१९ साली जवळजवळ चौदा लाख पर्यटक आले होते, ते २०२१ मध्ये दोन लाखांच्याही आत आले. हॉटेलात पाहुणाच नाही तर मालक फुकट कर्ज मिळाले तरी वाढपी कशाला ठेवील? टॅक्सीवाल्याला स्वस्त व्याज देऊन प्रवासी मिळत नाही.

दुसरी परीक्षा २०२२ साली सुरू झाली. त्या वर्षी आपल्याकडील महागाई १०.८ टक्क्यांवर पोहोचली. बँकेने दर चढवण्यास सुरुवात केली. मार्चमध्ये २ टक्के, आणि पायरी-पायरीने चढत डिसेंबरपर्यंत साडेचार टक्के. एका वर्षात दर दुपटीहून जास्त झाला. पुस्तकाप्रमाणे कामे कमी व्हायला हवी होती. झाले उलटेच. २०२३ साली बेकारी सुमारे सहा टक्क्यांपर्यंत उतरली. कारण पुन्हा तेच. सीमा उघडल्या होत्या, आणि त्या वर्षी तेरा लाखांच्या आसपास पर्यटक आले.

ह्याचा अर्थ व्याजदर चढवल्याने कामे वाढतात असा कुणी घेऊ नये. तो शुद्ध वेडेपणा होईल. अर्थ इतकाच की आपल्यासारख्या लहान देशात कामाची किल्ली फार करून बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या हातात असते. आपण साखर, कापड, मासळी आणि समुद्रकिनारा परक्यांना विकतो, आणि तांदूळ, पीठ, डाळ, तेल, औषध, गाडी हे बहुतेक सर्व परक्यांकडून विकत घेतो. आपल्या पोर्ट लुईतल्या बँकेने दर कितीही हलवला तरी पॅरिसमधल्या किंवा लंडनमधल्या कुटुंबाने सुटीत कोठे जावे हे काही ती ठरवू शकत नाही.

मागे वळून पाहिले तरी हेच दिसते. आमच्या आईवडिलांच्या पिढीला १९८० च्या आसपासचे दिवस चांगले आठवतात. १९७४-७५ मधली साखरेची तेजी ओसरली होती, १९७९ आणि १९८१ साली रुपयाचे अवमूल्यन झाले होते, आणि १९८३ च्या सुमारास काम मागणाऱ्या दर पाच माणसांमागे एक जण बेकार होता. त्यानंतर दहा वर्षांच्या आत बेकारी तीन टक्क्यांच्या आसपास आली. ही किमया व्याजदराने केली काय? मुळीच नाही. त्या काळी कर्जाचे व्याज आजच्यापेक्षा बरेच चढे होते. किमया केली ती झोन फ्रांशने. त्याचा कायदा १९७० सालीच झाला होता. १९७५ च्या लोमे करारामुळे युरोपच्या बाजारात आपल्या मालाला जकातीवाचून वाट मिळाली होती. अवमूल्यनामुळे आपला माल परक्यांना स्वस्त पडू लागला. हाँगकाँगकडून भांडवल आणि यंत्रे आली. १९८३ मध्ये झोनमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसे होती, ती दशकाच्या अखेरीस नव्वद हजारांच्या घरात गेली. त्यांत मोठी संख्या बायकामुलींची होती. आपल्या गावांतल्या कितीतरी घरांत आईच्या हातात स्वतःचा पगार प्रथम आला तो ह्याच कारखान्यांमुळे.

आणि पुढे ती कामे गेली तीही व्याजदरामुळे नव्हे. २००४ च्या अखेरीस कापडाच्या जागतिक व्यापारातील जुनी कोटापद्धती संपली, चीनसारख्या देशांचा माल मोकळा सुटला, आणि २००५ साली आपली बेकारी साडेनऊ टक्क्यांच्या पुढे गेली. त्याच सुमारास युरोपने साखरेचा हमी भाव छत्तीस टक्क्यांनी उतरवायचे ठरवले. साखरेचे कारखाने एकामागून एक बंद होऊन मोजकेच उरले, आणि हजारो मजुरांनी मोबदला घेऊन काम सोडले. ब्रुसेल्समध्ये झालेल्या एका निर्णयाने आपल्या कोठीवरच्या मजुराचे जे झाले, ते आपल्या बँकेच्या दहा बैठकांनी झाले नसते आणि टळलेही नसते.

मग व्याजदराला काहीच महत्त्व नाही काय? आहे, आणि फार आहे. पण ते आपण समजतो त्या ठिकाणी नाही. आमच्या मते ते तीन ठिकाणी आहे.

पहिले ठिकाण म्हणजे रुपयाची किंमत. आपल्याकडे व्याज कमी आणि परदेशात जास्त असले की ज्याच्यापाशी डॉलर आहेत तो ते रुपयांत बदलत नाही, धरून बसतो. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतला दर जवळजवळ शून्य होता, तो २०२३ च्या जुलैत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. आपल्या लहान बँकेला त्यामागून धावणे भाग पडले. २०१९ साली एक डॉलर छत्तीस रुपयांच्या आसपास मिळत होता, २०२२ मध्ये त्याला चव्वेचाळीसच्या आसपास मोजावे लागले. रुपया घसरला की कापड आणि साखर विकणाऱ्याला जास्त रुपये मिळतात, हॉटेलवाल्यालाही मिळतात, आणि त्यांची कामे टिकतात. पण त्याच वेळी गृहिणीच्या पिशवीतले तेल, दूध पावडर आणि चीज महाग होते. म्हणजे ज्या घसरणीने एका घरात काम राहते, तीच दुसऱ्या घरात पगार पुरू देत नाही. अनेकदा ही दोन घरे एकच असतात. म्हणून "दर उतरवा" असे ओरडणाऱ्याने आणि "दर चढवा" असे ओरडणाऱ्याने, दोघांनीही आधी आपल्याच स्वयंपाकघरात डोकावावे.

येथेच आजोबांची ठेव येते. २०२० आणि २०२१ मध्ये बचत खात्यावर वर्षाला एक टक्काही व्याज मिळत नव्हते. मग २०२२ मध्ये भाव पावणेअकरा टक्क्यांनी चढले. ज्याने एक लाख रुपये खात्यात ठेवले होते, त्याला वर्षाच्या शेवटी त्यात आदल्या वर्षीच्या सुमारे नव्वद हजारांचाच माल मिळाला. आयुष्यभर उन्हात राबून, पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या पैशातले दहा हजार कुणीही चोरी न करता गेले. नातवाला काम मिळावे म्हणून आजोबांनी हे सोसले असते तर त्याला काही अर्थ होता. पण आजोबांची ठेव वितळली आणि नातू घरीच राहिला, ही खरी तक्रार आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे कर्ज कशासाठी घेतले जाते हे. व्याज उतरले की लोक कर्ज घेतात, हे खरे. पण घेऊन काय करतात? आपल्या देशातील घरगुती कर्जांचा मोठा भाग घर आणि जमीन ह्यांत जातो. घर बांधणे ही काही वाईट गोष्ट नाही. ज्यांच्या खापरपणजोबांनी कोकणातून येऊन कोठीवरच्या खोपटात दिवस काढले, त्यांना स्वतःच्या छपराची ओढ असणारच. बांधकाम चालू असेतो गवंड्यालाही काम मिळते. पण घर उभे राहिले की ते काम संपते. शिवण यंत्र, बेकरीची भट्टी, भाजीसाठी जाळीचा मांडव ह्यांचे तसे नाही. ती दर महिन्याला कुणाला तरी पगार देतात. उलट स्वस्त कर्ज जमिनीच्या मागे धावले की जमिनीचे भाव चढतात, आणि पश्चिम किनाऱ्याकडच्या गावांत तर तरुण जोडप्याला घरापुरती जागा घेणे किती कठीण झाले आहे हे आपण पाहतोच आहोत.

तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे. ते म्हणजे कर्ज कुणाला मिळते हे. रेडिओवर जाहीर होणारा दर हा मोठ्या माणसाचा दर असतो. ज्याच्यापाशी जमिनीचे कागद आहेत, ज्याचे खाते जुने आहे, त्याला त्याच्या जवळपासच्या दराने पैसे मिळतात. पण ज्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या नावावर काहीच नाही, त्याला बँक तारण मागते. तारण नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून धंदा नाही, धंदा नाही म्हणून तारण नाही. अशा मुलाला मुख्य दर पावणेदोन असला काय आणि साडेचार असला काय, सारखेच. त्याला एकच कर्ज सहज मिळते, ते म्हणजे हप्त्यावर टेलिव्हिजन किंवा मोबाईल देणाऱ्या दुकानाचे, आणि तेथले व्याज बँकेच्या किती पट आहे हे त्याने क्वचितच मोजलेले असते.

ह्याचा थोडा हिशोब करून पाहू, कारण हिशोबाने पुष्कळ धुके जाते. समजा, एका मुलीने शिलाईचे लहान दुकान काढण्यासाठी पाच लाख रुपये घेतले. व्याज सातावरून दहा टक्क्यांवर गेले. तिला वर्षाला पंधरा हजार जास्त द्यावे लागतील, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. २०२४ मध्ये किमान वेतन महिन्याला १६,५०० रुपये झाले. म्हणजे वाढलेले व्याज एका कामगाराच्या पगाराच्या तेराव्या हिश्श्याइतकेही नाही. एवढ्यासाठी ती मदतनीस बाईला काढणार नाही. ती काढील गिऱ्हाईक आले नाही तर. आता समजा, दुसऱ्या कुणी कारखान्यासाठी पन्नास लाख घेतले. तेच तीन टक्के त्याला महिन्याला साडेबारा हजार पडतील. हा एका माणसाच्या किमान पगाराचा सुमारे पाऊण हिस्सा झाला. तेथे दराचा चढउतार माणसाच्या पोटावर येऊ शकतो. म्हणून व्याजाचा परिणाम धंद्याच्या आकाराप्रमाणे वेगळा असतो. मोठ्याला दर बोचतो, लहानाला दार बंद असणे बोचते.

आपल्या देशातील जवळपास निम्मी कामे लहान आणि मध्यम धंद्यांतून मिळतात. तेव्हा बेकारी कमी करायची असेल तर दर पाव टक्क्याने उतरला की अर्ध्याने, ह्या वादापेक्षा बंद दार कसे उघडावे हा प्रश्न मोठा आहे.

आणि हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या पूर्वजांनी तो एकदा सोडवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साखरेच्या कोठ्यांनी आपल्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या, आणि मजुरांनी काटकसर करून त्या घेतल्या. पण लागवडीला पैसे कोठून आणावेत? सावकार आणि दलाल कर्ज देत, आणि पीक आले की भाव तेच ठरवीत. जमीन नावाची मजुराची, फळ दुसऱ्याचे. १९०९ साली सर फ्रँक स्वेटनहॅम ह्यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन येथे आले, त्याच्यापुढे मणिलाल डॉक्टर ह्यांनी हिंदी लोकांची बाजू मांडली. त्यानंतर १९१३ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि त्यासाठी हिंदुस्थानातून विल्बरफोर्स नावाचे अधिकारी आणले गेले. गावोगाव पतपेढ्या निघाल्या. एकाला दुसरा जामीन, दुसऱ्याला तिसरा. तारण म्हणून जमीन नव्हती, तर गावाने गावाची हमी घेतली. दर त्या काळी लंडनमध्ये काय होता ह्याची त्यांनी वाट पाहिली नाही. लहान शेतकरी उभा राहिला तो त्या हमीवर.

आज काय करावे? आमच्या अल्पबुद्धीला जे सुचते ते नम्रपणे पुढे ठेवतो.

सरकारकडून आणि बँकांकडून आपण एक गोष्ट स्पष्टपणे मागावी. घराच्या कर्जाला आणि कामाच्या कर्जाला एकाच तराजूत घालू नका. १९६४ साली स्थापन झालेली विकास बँक आपल्याकडे आहे. लहान धंद्याला कर्ज देताना जमिनीच्या कागदाऐवजी धंद्याची योजना पाहावी, सरकारने हमीचा वाटा उचलावा, धंदा सुरू होईपर्यंत हप्ता मागू नये, आणि कर्ज दिल्यावर वर्षभर हिशोब पाहणारा जाणता माणूस सोबत द्यावा. अर्ज साध्या भाषेत असावा. आमच्या अनुभवास असे येते की कित्येक चांगली मुले व्याजाला घाबरत नाहीत, ती दहा पानांच्या अर्जाला घाबरतात.

महामारीच्या काळातले एक उदाहरण ह्या दृष्टीने मोलाचे आहे. २०२० मध्ये लोकांची कामे जी वाचली, ती स्वस्त व्याजामुळे तितकी नव्हेत जितकी सरकारने मालकांना कामगारांच्या पगारासाठी दिलेल्या साहाय्यामुळे आणि कर्जाच्या हप्त्यांना दिलेल्या सवलतीमुळे वाचली. म्हणजे पैसा नेमक्या जागी गेला की काम वाचते. सरसकट स्वस्त केला की तो पाण्यासारखा उताराकडे, म्हणजे आधीच भरलेल्या तळ्याकडे वाहतो.

आता थोडे कडू बोलू. आपल्या घरांत लग्नासाठी कर्ज काढले जाते, आणि हॉल आणि जेवणावळ ह्यांत ते दोन दिवसांत संपते. गाडीसाठी कर्ज काढले जाते. घरावर दुसरा मजला चढवण्यासाठी काढले जाते. पण मुलगा म्हणाला, "मला वेल्डिंगचे यंत्र घ्यायचे आहे," की वडील म्हणतात, "कर्ज फार वाईट, तू सरकारी नोकरीसाठी अर्ज कर." सरकारी नोकरी चांगलीच. आम्हीही शिक्षकाचा पगार घेतो, ती नाकारण्याचा ढोंगीपणा आम्ही करणार नाही. पण एका जागेला जेव्हा शेकडो अर्ज येतात, तेव्हा बाकीच्यांनी पाच वर्षे नुसती वाट पाहावी काय? त्याच पाच वर्षांत बांगलादेश, भारत, नेपाळ आणि मादागास्कर येथून माणसे येऊन आपल्या कारखान्यांत, बेकऱ्यांत आणि बांधकामांवर राबतात. त्यांचा आम्हांला राग नाही. आपलेही पूर्वज असेच बोटीतून आले होते. आणि आपल्या मुलांना आळशी म्हणून मोकळे होणे हेही योग्य नाही, कारण त्या कामांचे तास लांब आणि पगार थोडा असतो, हे खरेच आहे. पण काम आहे आणि बेकारही आहेत, ह्याचा अर्थ इतका नक्कीच की केवळ पैशाचा तुटवडा हे बेकारीचे कारण नाही. कसब, पगार आणि प्रतिष्ठा ह्यांचाही त्यात वाटा आहे, आणि ह्या तिन्ही गोष्टी कोणत्याही बँकेच्या समितीला ठरवता येत नाहीत.

आपल्या मंडळांनी आणि संस्थांनीही विचार करावा. उत्सव, भजन, नाटक ह्यांत आपण एकत्र येतो, ते येतच राहावे. पण बैठकेच्या ज्या खोलीत संध्याकाळी आपण अक्षरे शिकलो, त्याच खोलीत महिन्यातून एका शनिवारी जमाखर्च कसा लिहावा, कर्जाचा अर्ज कसा भरावा, शंभर रुपयांवर किती व्याज पडते, हे शिकवण्यास कुणाची हरकत आहे? निवृत्त झालेले बँक कर्मचारी, दुकानदार, शिक्षक आपल्यात आहेत. एका मुलासाठी पाच जाणत्या माणसांनी जामीन राहावे, आणि जामीन राहतात म्हणून त्याच्या धंद्यावर लक्षही ठेवावे. १९१३ साली ऊस लावणाऱ्यांनी केले ते आज त्यांच्या पणतवंडांना अशक्य नसावे.

घरातही मोकळेपणाने बोलणे व्हावे. आजोबांची सर्व ठेव नातवाच्या हाती द्यावी असे आम्ही कधीही म्हणणार नाही. म्हातारपणाचा पैसा म्हातारपणासाठीच आहे, आणि औषधपाण्याची तजवीज आधी झाली पाहिजे. पण ठेवीचा एखादा लहान हिस्सा, जो नुसता पडून महागाईने झिजतो आहे, तो नातवाच्या किंवा नातीच्या हत्यारासाठी द्यावा. फुकट देऊ नये. कागदावर लिहून, बँकेच्या बचत खात्यापेक्षा थोडे जास्त आणि बँकेच्या कर्जापेक्षा थोडे कमी व्याज ठरवून द्यावा. मुलाला शिस्त लागते, आजोबांना व्याज मिळते, आणि घरातला संबंध कागदामुळे बिघडत नाही, उलट टिकतो. तोंडी व्यवहारांनीच आपल्या कितीतरी घरांत भावाभावांचे बोलणे बंद झाले आहे.

बँकेचा दर पुढेही हलत राहील. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो चार टक्क्यांवर आला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा साडेचारावर गेला. ह्याचा परिणाम आपल्या हप्त्यावर आणि ठेवीवर होतो, म्हणून बातमी जरूर ऐकावी आणि ती काय सांगते हे समजून घ्यावे. परंतु ती ऐकून झाल्यावर आपल्या गावातल्या निदान एका मुलाला किंवा मुलीला विचारावे, की काम सुरू करण्यासाठी तुला नेमके काय हवे आहे. बहुतेक वेळा उत्तर व्याजाच्या टक्क्यात येणार नाही. एक यंत्र, एक जामीन, एक गिऱ्हाईक किंवा रीत शिकवणारे एक माणूस, असे काहीतरी ते असेल. आणि ह्यांतली निदान एक गोष्ट देणे आपल्यापैकी पुष्कळांच्या हातात आहे.